तांड्याची मतं

दिवाळी सरली की आमच्या दिग्रसच्या रस्त्यावरच्या बाभळी पांढऱ्या होतात. कापसाच्या गाड्या, ट्रॅक्टर, हल्लीच्या त्या छोट्या पिकअप, सगळ्या दोन्ही बाजूंनी फुगलेल्या, बाभळींना घासत जातात आणि काट्यांवर कापूस सोडून जातात. आज सकाळी दूध आणायला निघालो तर बसस्टँडच्या पलीकडची बाभूळ भरलेली दिसली. म्हणजे वेचणी लागली. माझा जन्म जिनिंगमध्ये फिटरकी करण्यात गेला, त्यामुळं कॅलेंडर पाहायची सवय कधी लागलीच नाही. कापसाची बारीक धूळ नाकात गेली, दोन शिंका आल्या, की समजायचं हंगाम आला. आता रिटायर होऊन बसलोय, पण शिंका काही रिटायर झाल्या नाहीत.

बाई, म्हणजे माझी बायको, सकाळीच पुसदच्या बसनं गेली. मी माझा मीच चहा केला, नेहमीसारखा गोड जास्त झाला, आणि कप घेऊन ओट्यावर बसलो. बसलो की झालं. हा हंगाम आला की माझ्या डोक्यात एक गुंता सुटायला म्हणून बाहेर येतो आणि जास्तच आवळून आत जातो. माझी बायको राजकारणात जिंकली की हरली? लोकांना विचारलं तर लोक हसतात. म्हणतात, अहो, निकाल लागला, पेपरात छापून आला, आता त्यात काय विचार करायचा? पेपरात काय आलं ते मलाही वाचता येतं हो. प्रश्न तो नाही.

तिचं नाव कमल, कामानं मास्तरीण. पण लग्न झालं त्या आठवड्यातच दारात एक पोट्टं येऊन ओरडलं, "बाई हायेत काय घरात?" आणि माझ्याच तोंडून निघून गेलं, "बाई, तुमाले कोणी बोलावून राह्यलं." तेव्हापासून ती मलाही बाईच. विहाराच्या गल्लीत आमचं घर, गल्लीतली निम्मी पोरं संध्याकाळच्या शिकवणीत तिच्या हाताखालून गेलेली. पण तिचा जीव होता तो तांड्यावरच्या शाळेत. एक खोली, पुढं पडवी, एक लिंबाचं झाड. बंजाऱ्यांचा तांडा, पुसदच्या रस्त्याला माळावर वसलेला, गावापासून नाल्यानं तोडलेला. बाईची पहिली नेमणूक तिथं झाली आणि तिनं बदली कधी मागितलीच नाही. बाकीचे मास्तर तांडा म्हटलं की साहेबांच्या दारात चकरा मारायचे. ही आपली सुखात. मी म्हणायचो, "काय ठेवलंय त्या माळावर?" ती म्हणायची, "चाळीस-पन्नास डोळे." आता मास्तरणीशी कोण वाद घालणार!

ती वर्षं कापसाची वाईट होती. हे म्हटलं आणि वाटलं, चांगली कोणती होती बापा? कधी पाऊस दगा द्यायचा, कधी अळी, आणि दोन्हींतून वाचला कापूस तर भाव पडायचा. आमच्या जिल्ह्याचं नाव रोज पेपरात यायचं आणि ते काही कौतुकासाठी नसायचं. मोठमोठ्या गाड्या यायच्या. गाडीतून उतरणारा माणूस आधी स्वतःच्या बुटाकडं पाहायचा, मग आमच्या काळ्या मातीकडं, आणि मग ठरवायचा की पाय टाकावा का नाही. जिनिंगमध्ये रुई आणि सरकी वेगळी करत आम्ही उभे असायचो आणि एकमेकांना विचारायचो, "हे लोक कायले येऊन राह्यले?" कोणाला माहीत नव्हतं. येणाऱ्यांनाही नसावं.

त्या दिवसांत मजूर लावणं परवडत नव्हतं, म्हणून वेचणी लागली की तांड्यावरची सगळी पोरं वावरात. पोरांची बोटं बारीक, बोंडातून कापूस सफाईनं निघतो. शाळेत उरायच्या माश्या. दुसरा कोणी असता तर खुर्चीवर पेंगला असता किंवा आईबापांना दम दिला असता. बाईनं शाळेच्या दाराला कडी लावली आणि सरळ वावरात गेली. धुऱ्यावर बसायची, म्हणजे शेताच्या बांधावर, आणि हजेरी पुकारायची. पऱ्हाटीच्या झाडांमागून "हजर बाई!" असं ऐकू यायचं, पोरगं दिसायचंच नाही. कमरेला बांधलेली कापसाची ओटी सांभाळत एकेक जण ओळ वेचून धुऱ्यावर यायचा, एक पाढा म्हणायचा, पाण्याचा घोट घ्यायचा आणि पुढच्या ओळीला लागायचा. सुट्टीच्या दिवशी मी डबा घेऊन गेलतो एकदा. तिथं भिका नायक, म्हणजे तांड्याचा म्होरक्या, कपाळाला हात लावून बसलेला. त्याची म्हातारी आई, तिला सगळा तांडा याडी म्हणतो, तीही कापूस वेचता वेचता पोरांबरोबर पाढे म्हणून राह्यली होती. भिका मला म्हणाला, "मास्तर म्हणजे एक खुर्ची राह्यते असं वाटत होतं भाऊ. हे काय वेगळंच प्रकरन हाये."

अशाच एका दिवशी तपासणीला साहेब आले. शाळेला कडी. बाई धावत आली, केसांत कापूस, चपलेला माती. साहेब म्हणाले, "शाळा कुठाय?" बाईनं वावराकडं बोट दाखवलं. साहेब म्हणाले, "ते वावर आहे." आणि गेले. त्यानंतर हवा पसरली की जिथं पोरं कमी दिसतात त्या शाळा बंद करून मोठ्या गावात जोडणार. तांड्याची शाळा जोडणार नाल्यापलीकडच्या गावाला. पावसाळ्यात तो नाला म्हैस वाहून नेतो, पोट्ट्यांची काय कथा?

आणि बरोबर त्याच वेळी भाऊसाहेब आमच्या घरी आले. भाऊसाहेब म्हणजे आमच्या भागातले पुढारी, तोंडात कायम बडीशेप आणि बोलण्यात कायम साखर. जिल्हा परिषदेची आमच्या भागातली जागा त्या खेपेस महिलांसाठी राखीव निघाली होती आणि त्यांना एक बाई हवी होती, शिकलेली, नाव चांगलं असलेली, आणि (हे ते बोलले नाहीत, पण मी काही दुधखुळा नाही) सांगेल तसं ऐकणारी. "वहिनी, तालुक्याले तुमची गरज हाये," वगैरे सगळं झालं. बाई चहा गाळत होती. तिनं एकच विचारलं, "कोणती शाळा राहणार आणि कोणती जाणार, ते तिथं ठरतं का?"

"तिथंच ठरते ना!"

"मग मी उभी राहते."

मी चिडलो. सरळ सांगतो, लय चिडलो. उभं राहायचं तर आधी नोकरीचा राजीनामा. सरकारी नोकरीसाठी लोक नवस बोलतात आणि ही ती देऊन टाकायला निघाली. "हातचं सोडून पळत्याच्या मागं कायले लागता? उद्या पडल्या तर? ना शाळा, ना खुर्ची. तेल बी गेलं, तूप बी गेलं!" ती म्हणाली, "शाळाच राहिली नाही तर नोकरी घेऊन मी काय करू?" तिच्या बोलण्यात तथ्य होतं आणि माझ्याही. दोन्ही कसं असू शकतं ते मला तेव्हाही समजलं नाही.

प्रचार म्हणजे तमाशा होता. बाई मत मागायला घरात शिरायची आणि पोराला विचारायची, "तेराचा पाढा येतो?" पोराची आई पदराआड हसायची, भाऊसाहेब डोक्याला हात लावायचे. "वहिनी, मत मागा मत! पाढे नका इचारू!" सभेत मागं कोणी गडबड केली की ही भाषण थांबवून उभी राहायची, आणि काय आश्चर्य, मोठमोठे बाप्ये गप्प व्हायचे. निम्मे तिचे विद्यार्थी आणि उरलेले कोणाचे तरी. निवडून आली. तांड्यानं तर तिला उचलून धरलं, याडीनं आपल्या कानशिलावर बोटं मोडून तिची दृष्ट काढली. मला वाटलं, चला, गंगेत घोडं न्हालं. कसलं काय!

यवतमाळला जिल्हा परिषदेची पहिली मोठी सभा होती. मी तिला मोटारसायकलवर घेऊन गेलो आणि मागं पाहुण्यांच्या बाकावर बसलो. एकामागून एक ठराव वाचले जात होते, भराभर, कोणाचं ऐकणं नाही, कोणाचं बोलणं नाही. मग तो शाळा बंद करायचा ठराव आला. वाचणारा वाचत होता, आणि बाईला बोलायचं होतं. आता तुम्ही सांगा, जन्मभर वर्गात काढलेल्या माणसाला बोलायचं असलं की तो काय करतो? हात वर करतो. आधी हात वर करायचा, नाव घेतलं की उठायचं, मग बोलायचं. हे तिनं हजार पोरांना शिकवलेलं. तिनं हात वर केला. ताठ, बोटं जुळवून, सगळ्यांत उंच. आणि त्याच क्षणाला वरून आवाज आला, "मंजूर असेल त्यांनी हात वर करावेत."

मला काय माहीत काय चाललंय ते! मला दिसलं की सगळ्यांच्या आधी माझ्या बायकोचा हात वर आहे. मी शेजारच्याला कोपर मारून म्हटलं, "ती आमची." ठराव मंजूर झाला. बाई उभी राहून म्हणत होती, "अहो, मला विरोधात बोलायचं आहे, मी बोलायसाठी हात…" पण पुढचा विषय रस्त्याचा निघाला होता. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो. शंभर डोकी आणि मधून वर आलेला बाईचा हात.

शाळेला कुलूप लागलं. बाई तांड्यावर गेली, सांगून पाहिलं. तांडा ऐकत होता. भिका नायक फक्त म्हणाला, "चहा घ्या बाई." ती परत आली आणि स्वयंपाकघरात उभी राहिली, गॅस न पेटवता. माझ्या बायकोला मी इतकं लहान झालेलं कधी पाहिलं नव्हतं. मला तिची कीव आली आणि राग आला, आणि राग कोणावर काढावा ते कळेना. भाऊसाहेब तर तिचं अभिनंदन करून गेले. त्यांना वाटलं, बाई तयार झाल्या राजकारणात!

ज्याला त्याला विचारलं की कुलूप कसं निघेल. सगळे बोट वर दाखवायचे. हे आता वरून होईल. वर म्हणजे कुठं? वर म्हणजे विधानसभा. मग बाई विधानसभेला उभी राहिली. लोक म्हणायचे खुर्चीची चटक लागली. लागली होती का? मी तिच्या शेजारी झोपणारा माणूस, मला सांगता येत नाही. कधी वाटायचं, ही फक्त त्या कुलपासाठी चाललीय. कधी सभेत टाळ्या पडल्या की तिचा चेहरा असा उजळायचा की मी मनात म्हणायचो, अगं बाई, हे काही निव्वळ कुलूप नाही.

निवडून आली. पूर्ण तालुका गुलालात न्हाला. बाईनं घरात पाऊल टाकल्या टाकल्या मला विचारलं, "तांड्याचं काय?" कोणत्या बुथावर किती पडली ते एव्हाना कळलं होतं. मी म्हटलं, "पाय धुवा आधी." त्यावरूनच ती समजली. तांड्याची मतं बोटावर मोजण्याएवढी होती. बाकी सगळी दुसरीकडं. केसांतला गुलाल धुताना ती रडली, पाण्याच्या आवाजात तिला वाटलं मला ऐकू गेलं नाही.

तिनं मनात एकच धरलं, तांड्यानं तो हात माफ केला नाही.

आमदारकीचा काळ असाच गेला, वेचणीच्या हंगामात ती नागपूरला अधिवेशनात आणि मी इकडं जिनिंगमध्ये. एकदा गेलतो पाहायला. वर गॅलरीत बसलो, केसांत कापूस तसाच, पोलीस माझ्याकडं टकमक पाहून राह्यला. खाली बाई तांड्याच्या शाळेवर बोलत होती. उत्तर मिळालं, तपासून पाहू. दुसऱ्या वर्षी पुन्हा तेच, तपासून पाहू. तिनं चिवटपणा सोडला नाही आणि शेवटी एकदाचं कुलूप निघालं, फीत कापली, पेढे वाटले. पण मास्तर टिकेना. आला की महिनाभरात बदली करून घ्यायचा. शाळा उघडी, खडू आहे, फळा आहे, आणि शिकवायला कोणी नाही. बाई अर्ज करायची, फोन करायची, नवा मास्तर यायचा, जायचा.

आणि तांडा? तिथं गेली की याडी तिचे गाल कुरवाळायची, मिरचीची चटणी बांधून द्यायची, पोरं गळ्यात पडायची. मग मतं का नाही दिली? एकदा तिनं भिकाला तोंडावरच विचारलं. तो हसला. म्हणाला, "मत कोनाले सांगू नये, असं तुमीच तं शिकवलं ना बाई." मी म्हटलं, हे लोक गोड बोलून गळा कापतात. ती म्हणाली, "तसं बोलू नका." पण कसं बोलायचं ते तिनंही सांगितलं नाही. माया खरी असेल तर मतं कुठं गेली आणि मतं खरी असतील तर ही चटणी कशाची? त्या चटणीसोबत भाकर खाताना मी कितीदा यावर विचार केला, पण भाकर संपायची आणि प्रश्न तसाच ताटात.

पुढच्या निवडणुकीला बाई पडली. थोडक्यात पडली. तांड्यानं तर मतं दिली नाहीतच, पण या खेपेस आजूबाजूच्या सगळ्या तांड्यांनी हात आखडला होता.

पडलेल्या माणसाच्या घरची सकाळ कोणाला सांगून समजत नाही. काल दारात चपला ठेवायला जागा नव्हती, आज फक्त आमच्या दोघांच्या. फोन मुका. बाई ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती, त्या तांदळात एक खडा नव्हता तरी निवडत होती. मी म्हटलं, "आमदारकीची पेन्शन येईन, भागन आपलं." ती म्हणाली, "आता मी काय आहे हो? बाई नाही, आमदार नाही. कोण आहे मी?" मीही शेजारी बसून तेच बिनखड्याचे तांदूळ निवडायला लागलो.

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी डफ वाजला. मला वाटलं, जिंकलेल्याची मिरवणूक मुद्दाम आमच्या दारावरून नेतायत. मी बाह्या सरसावून उठलो. तर एक बैलगाडी वळली. बैलांच्या शिंगांना नवे गोंडे, गाडीत बंजारा बायका, मधोमध याडी, पुढं भिका नायक डफ वाजवतोय आणि नाचतोय, या वयात! माझं डोकंच फिरलं. मी ओरडलो, "लाज हाये का बे? बाई पडली अन् तुमी वाजतगाजत येऊन राह्यले?"

"पडल्या म्हनूनच तं आलो ना भाऊ!" भिकानं डफ थांबवला. घाम पुसत म्हणाला, "दोन खेपा झटलो. मागच्या खेपेस आमचं काही चाललंच नाई, पुऱ्या तालुक्यानं निवडून देल्लं. या खेपेस म्या सोयऱ्याधायऱ्याच्या सगळ्या तांड्यांत फिरून सांगतलं, काही बी करा पर बाईले पाडा."

"काहून?" मी म्हटलं.

"काहून म्हंजे? निवडून आल्या तं मुंबई-नागपूरले जाते. पडल्या तं शाळेत येईन. मागच्या खेपेस कुलूप होतं, तरी बाई धुऱ्यावर शिकवन म्हनलं. आता तिथी मास्तर टिकत नाई. आमाले आमदार नोको, आमची बाई पाह्यजे."

बाई उभी राहिली होती, मांडीवरचे तांदूळ सगळे अंगणात. हळूच म्हणाली, "भिकाभाऊ, मला वाटलं तुम्ही त्या हाताचा राग धरला."

"कोनता हात? तो पेपरातला?" भिका तिच्याकडं पाहतच राहिला. "पोट्ट्यांनी तवाच सांगतलं, बाईले बोलाचं असन. हात वर म्हंजे बोलाचं राह्यते, येवढं तं आमच्या याडीले बी ठाऊक हाये."

मी त्याला समजवायला गेलो. म्हटलं, अरे बाबा, राजीनामा दिलेली सरकारी नोकरी परत मिळत नसते, पगार नाही, काही नाही, इतकी वर्षं तुम्ही हे करून राह्यले आणि कोणाला एकदा विचारावं तरी! भिकाचा चेहरा क्षणभर पडला. मग तो याडीकडं वळून त्यांच्या बोलीत काहीतरी बोलला. याडीनं गाडीतूनच हात झटकला आणि मला म्हणाली, "पगाराचं कोन बोलून राह्यलं बाबू? आमी शाळेत बोलावून राह्यलो."

बाईनं पदर तोंडाशी नेला आणि पाठ फिरवली. खांदे हलत होते. हसून राह्यली का रडून, मागून मला काही समजलं नाही. मग दारातल्या चपला घालून ती चाकावर पाय देऊन गाडीत चढली. बायकांनी सरकून जागा केली. डफ पुन्हा सुरू झाला.

बैलगाडी वळते तोच भाऊसाहेबांची मोटार आली. पांढरे कपडे, मयताला आल्यासारखं तोंड, सांत्वनाचे शब्द ओठांवर तयार. त्यांनी तो डफ ऐकला, नाचणारा भिका पाहिला, बायकांच्या मधे बसलेली बाई पाहिली आणि तोंडातली बडीशेप चावायची विसरले.

"काहो," माझा दंड धरून त्यांनी हळूच विचारलं, "फेरमोजणी झाली का काय? वहिनी आल्या का निवडून?"

मी बैलगाडीकडं पाहत होतो. पगार नाही, पद नाही, आणि त्या तांड्यानं तिला पाडायला रान उठवलेलं.

"हौ भाऊ," मी म्हटलं, "आल्या."